भगताविना डाव

पोथीवाला मोठा की भगत मोठा, यावरून तेलंगणातल्या मुधोळच्या सोनकांबळ्यांच्या ओसरीत जेवढी भांडणं झाली, तेवढी तिथल्या मंडल कचेरीत शेताच्या बांधावरूनही झाली नसतील. आणि कचेरीत किती भांडणं होतात हे भिवाजी सोनकांबळेला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण तो तिथेच कारकून होता. दिवसभर लोकांच्या दरखास्ती उपसून, डोकं उठवून घेऊन घरी यावं, तर ओसरीत पोरं एकमेकांवर तुटून पडलेली असायची. कुणाचा मंत्र खरा आणि कुणाचा उसना, कोण लढाईत टिकतो आणि कोण पहिल्याच फटक्यात आडवा होतो. भिवाजी चपला काढायला मुद्दाम वेळ लावायचा. ते भांडण ऐकायला त्याला आवडायचं, पण आवडतं असं कबूल करणाऱ्यातला तो नव्हता.

हा खेळ आणला यशवंतनं. यशवंत म्हणजे पाटलांच्या आळीतला, कापूस-ज्वारीवाल्या घरचा पोरगा, भिवाजीच्या खुशालचा शाळेपासूनचा दोस्त. तो हैदराबादेत इंजिनिअरिंग शिकत होता. तिथं वसतिगृहातल्या कुणाच्या तरी मामानं अमेरिकेतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं. यशवंतनं त्याची झेरॉक्स काढली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तो गठ्ठा काखेत मारून गावी आला. खेळ पण कसला, तर पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. नुसतं गोल करून बसायचं आणि बोलायचं. एकजण डाव चालवणार. तो म्हणणार, तुमच्यापुढं अंधारी गुहा आहे. बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन सांगायचं, मी आत जातो, किंवा मी काही जात नाही. केलेली गोष्ट जमली की फसली हे ठरवायला वीस तोंडांचा फासा लागायचा. तसला फासा मुधोळात कोण विकणार? खुशालनं वीस चिंचोके निवडले, त्यांवर खिळ्यानं आकडे कोरले आणि पितळेच्या तांब्यात टाकले. हात घालायचा, एक काढायचा. आकडा मोठा आला तर जमलं.

मूळ पुस्तकात बर्फाचे डोंगर होते आणि दगडी बुरुजांचे राजवाडे होते. ते खुशालनं पहिल्याच दिवशी काढून टाकले. बर्फ कुणी पाहिलाय इथं? त्यांच्या डावात नेरडीगोंड्याच्या घाटातलं सागवानाचं जंगल आलं, गोदावरीचं पात्र आलं, निर्मळचा किल्ला आला. इंग्रजी नावंही त्यानंच बदलली. मंत्र चालवणारी चार जातीची पात्रं होती, त्यांची त्यानं पोथीवाला, भगत, रानवाला आणि नजरबंदीवाला अशी बारशी करून टाकली.

आता भांडण समजायचं तर या चौघांचा फरक समजला पाहिजे. नजरबंदीवाला नसलेलं दाखवतो. समोरच्यानं विश्वास ठेवला तर त्याचं काम होतं, नाहीतर फजिती. ते पात्र यशवंतचं. रानवाल्याची ताकद झाडांतून, पावसातून, जनावरांतून येते. अंगावर लोखंड घातलं की ती जाते. हे पात्र भिवाजीच्या थोरलीनं, विशाखानं घेतलेलं. ती मराठी शाळेत शिक्षिका होती आणि भांडणात कुणाला हार जायची नाही. भगताला काही शिकावं लागत नाही. सकाळी उठून देवाची आळवणी केली की देव त्या दिवसापुरतं देतो. चिलखत घालून भगत लढूही शकतो, आणि चौघांत बरं करण्याचा मंत्र फक्त त्याच्याकडे, तोही जखमी माणसाच्या अंगावर हात ठेवून. आणि पोथीवाला? त्याचं अंग म्हणजे काडी. जीव आकड्यात मोजायचा तर दोन-चार. रोज सकाळी पोथी उघडून मंत्र पाठ करायचा, वापरला की तो डोक्यातून पुसला जाणार, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करायचा. पण जो पोथीवाला मरत नाही, जगून वाचून जातो, त्याच्यापुढं शेवटी कुणीच उभं राहत नाही.

खुशाल कायम पोथीवाला.

"भगताले भेटते," तो म्हणायचा, "पोथीवाला मिळवते. देव रुसला तर भगताजवळ काय राह्यलं? काईच नाई. माझी पोथी कोनी नेली तरी मी दुसरी लिहीन."

"अन तुले मारलं तर?" यशवंत विचारायचा.

"मंग मेलो. पन उसनं घेऊन नाई मेलो."

चपलेचा अंगठा उगाच चाचपत उभ्या असलेल्या भिवाजीची छाती हे ऐकून भरून यायची. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पोरगा असं बोलतोय, अजून काय पाहिजे माणसाला?

पाहिजे होतं ते एकच, आणि तेच मिळत नव्हतं. खुशालचं दुखणं लहानपणापासूनचं. हाडं ठणकायची, डोळे पिवळे व्हायचे, थंडी पडली की पोरगा अंथरुणात मुठी आवळून पडायचा. कुणी म्हणालं वाढीचं आहे, कुणी म्हणालं वात आहे. अकरावीला असताना भिवाजीनं त्याला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा रक्त तपासून डॉक्टरनं सांगितलं, सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात ही खोट अर्धी अर्धी असते, त्यांना काही होत नाही. पण दोन्ही अर्ध्या एकाच पोरात आल्या की हे असं. डॉक्टर चांगला माणूस होता, शांतपणे समजावून सांगत होता. भिवाजी मान हलवत होता. परत येताना बासरच्या स्टेशनापर्यंत तो गाडीच्या खिडकीबाहेर बघत होता. आणि त्या दिवसापासून त्यानं खुशालच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. औषध आणायचा, पाणी द्यायचा, पाय चेपायचा, सगळं करायचा. पण पोराकडं बघायचा तो पोरगा झोपल्यावर.

म्हणून तर तो ओसरीत उभा राहून चोरून ऐकायचा. डावात खुशालचं काही दुखत नसे.

भगताचं भांडण मिटलं ते त्याच पहिल्या उन्हाळ्यात, आणि मिटवलं भिवाजीनंच. झालं असं की लागोपाठ तीन-चार डावांत सगळेच्या सगळे मेले. यशवंत वैतागून म्हणाला, "काका, तुमीच सांगा. आमच्यात बरं करनारा कोनीच नाई. एखाद्याले भगत व्हाच लागन, नाईतर हा खेळ काई पुढं जात नाई."

उंबऱ्यात बयनाबाई चहाचे कप घेऊन उभी होती. खुशालची आई. खेळातलं तिला फार कळत नसे, पण एवढं कळलं. "मंग घ्या ना भगत," ती म्हणाली. "बरं करते तो चांगलाच हाय की."

भिवाजी असा तडकला की यशवंतच्या हातातला चिंचोका खाली पडला. "या घरात भगत नाई! खेळात बी नाई! आपल्या किती पिढ्या मांगत बसल्या, काय भेटलं? मांगून आनलेलं देनाऱ्याच्या मर्जीवर राहते. शिकून आनलेलं कोनी नेत नाई. बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या काय चुलीत घालाले?"

चहा थंड झाला. यशवंतचं तोंड एवढंसं झालं. त्याच्या घरी देवघर होतं आणि त्याला वाटलं काका आपल्यालाच बोलले. त्यानं सावरायला विचारलं, "मंग काका, बुद्धाचा भगत केला तर?"

खुशाल हसायला लागला. "भगवान बुद्धानं कोनाले काई देतो म्हनलंच नाई ना बावा. त्याच्याजवळ मांगावं काय?" मग बापाकडं बघून म्हणाला, "बाबा बरोबर म्हनतेत. भगत नको."

आणि मग भगत नाहीच आला. डाव भगताविना चालले. चालले म्हणजे काय, मेले. खुशालचा एक पोथीवाला बाण लागून गेला, एक तापानं गेला, एक तर निर्मळच्या किल्ल्यावर पाय घसरून पडला आणि यशवंत आठवडाभर त्याला त्यावरून चिडवत राहिला. एक गेला की खुशाल दुसरा घ्यायचा, पुन्हा पोथीवालाच. डाव आळीपाळीनं यशवंत नाहीतर विशाखा चालवायची, आणि सुट्टी संपून यशवंत हैदराबादेला गेला की एकटी विशाखाच. डिक्शनरी मांडीवर घेऊन तिनं तो इंग्रजी गठ्ठा अख्खा वाचून काढला होता, नियमांत तिला कुणी फसवू शकत नव्हतं.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या वर्षी खुशालचं कंबरेचं हाड गेलं. खुब्याला रक्त पोचत नाही म्हणाले. कॉलेज तर केव्हाच सुटलं होतं, आता चालणंही सुटलं. खाट ओसरीत आणली, म्हणजे त्याला रस्ता दिसेल. पावसाळ्यात दोनदा रक्त चढवावं लागलं. दिवाळीच्या सुमाराला छातीत दुखायला लागलं तेव्हा नांदेडच्या त्याच डॉक्टरनं भिवाजीला आणि विशाखाला बाहेर बोलावलं. म्हणाला, या वेळी निभावलं. पुढच्या वेळी छातीत गेलं तर लगेच आणा, पण मनाची तयारी ठेवा. भिवाजीनं विचारलं, "साहेब, माझं रक्त काढून देलं तर?" डॉक्टर म्हणाला, तुमचं नाही चालत.

घरी आल्यावर बयनाबाई एकदाच बोलली. शेजारच्या बाया सांगत होत्या, अमक्या देवीला जा, तमक्या भगताला दाखव. "अवो, एक डाव जाऊन येते मी. नुसती. काई घेत नाई, काई देत नाई." भिवाजी नाही म्हणाला. तिनं पुन्हा विषय काढला नाही, आणि ते भिवाजीला भांडणापेक्षा जास्त लागलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्याचा सगळा जोर एकाच गोष्टीवर होता. पोरगा ताठ आहे. हाडं मोडली पण डोकं ताठ आहे. कुणापुढं हात पसरत नाही. भिवाजीला एवढाच आधार उरला होता.

संक्रांतीच्या सुट्टीत यशवंत आला. थंडी कडाक्याची होती, खुशाल दोन गोधड्यांत होता, ओठांना रंग नव्हता. यशवंतनं आल्या आल्या रडू दाबलं आणि नेहमीसारखा आरडाओरडा सुरू केला. चला, तांब्या काढा, अक्का, गुहा मांडा. रविवार होता, भिवाजी घरीच होता, कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसलेला.

"बाबा," खुशालनं हाक मारली. "या डावाले मी भगत होऊ काय?"

विशाखाचा हात तांब्यातच राहिला. वर्तमानपत्रामागून भिवाजीला आपलं तोंड बाहेर काढता येईना. त्याला आधी राग आला. मग तो राग कुठल्या कुठं गेला. हरलं पोरगं. एवढी वर्षं सगळं सोसलं आणि आज हात टेकले. मरायची भीती वाटून राह्यली त्याला, आणि मी त्याला काय दिलं? वाकडं रक्त दिलं आणि वर नियम दिले.

तो उठला, चपला घातल्या आणि घराबाहेर पडला.

तळ्याच्या बाजूला जाऊन तो बांधावर बसला. उन्हात बाया कपडे धुवत होत्या. भिवाजीला त्याची आई आठवली. ही गोष्ट त्यानं पोरांना कधी सांगितली नव्हती. गावात दीक्षा झाली तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. ज्यानं त्यानं घरातले देव काढून नदीत सोडायचे असं ठरलं. भिवाजीच्या घरी मरीआईचा पितळी टाक होता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदीनं झिजलेला. बाप गाडी हाकत होता, म्हणून टाक फडक्यात बांधून नदीपर्यंत भिवाजीनंच नेला. बासरच्या घाटाच्या खालच्या अंगाला, गुडघाभर पाण्यात जाऊन त्यानंच तो फेकला. लांब फेकला, सगळ्यांनी वाहवा केली. आई काठावर उभी होती. तिनं अडवलं नाही, वाहवाही केली नाही. ती एवढंच म्हणाली होती, तुमच्यासाठी किती वेळा हिच्यापुढं बसले मी. केलं ते बरोबरच केलं, यात भिवाजीला आजही शंका नव्हती. त्या फेकण्यातूनच तो शाळेत गेला, कचेरीत गेला, त्याची पोरगी शिक्षिका झाली. पण माणूस बरोबर असूनही त्याच्या हाताशी काही उरत नाही, हे त्याला आज कळत होतं. खेळ तर आहे. खेळात पोराला बरं वाटत असेल तर कुणाचं काय जातं? आणि मग त्याच्या डोक्यात एक वेडी गोष्ट शिरली. मनोमन त्याला लाज वाटली तरी ती निघेना. डावात का होईना, पोरगा बरा होईल. विशाखा म्हणेल, खुशाल बरा झाला. हे शब्द त्याला ऐकायचे होते. खोटे का होईनात, एकदा कानावर पडायला हवे होते.

तो परत आला तेव्हा पोरं तांब्याभोवती तशीच बसून होती. "हो भगत," तो म्हणाला.

"नुसतं भगत नाई होता येत," विशाखा हळू आवाजात म्हणाली. "कोन्या देवाचा ते सांगा लागते. नियम हाय."

खुशालनं बापाकडं बघितलं. यशवंतनं खाली बघितलं. आतल्या घरात बयनाबाईचं जातं थांबलं.

"मरीआई लिही," भिवाजी म्हणाला.

बयनाबाई पदराला हात पुसत येऊन उंबऱ्यात बसली. खुशालच्या चेहऱ्यावर काय होतं ते भिवाजीनं पाहिलं नाही, कारण तो नेहमीसारखा दुसरीकडं बघत होता.

"पन तुमाले बी खेळा लागन, बाबा," खुशाल म्हणाला. "पोथीवाल्याची जागा खाली झाली."

त्या दिवशी कचेरीतला कारकून भिवाजी सोनकांबळे आयुष्यात पहिल्यांदा खेळायला बसला. सकाळी पोथीतून काय पाठ करता असं विशाखानं विचारल्यावर त्यानं खूप विचार करून उजेडाचा मंत्र घेतला. यशवंत म्हणाला, काका, आगीचा घ्या, वाघ येतील. भिवाजी म्हणाला, उजेड असला की वाघ येत नाई. हसले सगळे. बयनाबाईपण हसली. घाटातून उतरताना यशवंतनं नसलेली नदी दाखवून दरोडेखोरांना उलट्या वाटेनं पळवलं. दिवस चढला, ओसरीत ऊन आलं. भिवाजी रंगला होता. चिंचोका मोठा निघाला की मांडीवर थाप मारत होता. किती दिवसांत त्या घरात असा आवाज झाला नव्हता.

मग गुहा आली. आत हाडांचे शिपाई होते, त्यांच्या हातात भाले. भिवाजीनं उजेड केला, तो वापरून संपला. अंधार पडायच्या आत दोन भाले आले. एक पोथीवाल्याला लागला, एक भगताला. विशाखानं आकडे मांडले आणि तिचा आवाज खाली गेला. दोघांतही एकेकच जीव उरला होता. यशवंतनं शिपाई हटवले, पण रक्त थांबत नव्हतं. नियम असा होता की एवढ्या जखमेवर उपाय झाला नाही तर दिवस मावळेपर्यंत माणूस जातो. आणि भगताजवळ त्या दिवसाचा बरं करायचा मंत्र एकच होता.

"कोनावर?" विशाखानं विचारलं.

"स्वतावर," भिवाजी एकदम म्हणाला. "स्वतावर वापर. मले जाऊ दे. माझं काय, मी एका डावाचा. खुशाल, स्वतावर घे." तो खाटेच्या कडेला सरकला होता. खेळ आहे हे तो विसरला होता, आणि बाकीचेही विसरले होते.

"बाबा, जवळ या," खुशाल म्हणाला. "हात ठेवा लागते. त्याबिगर लागू होत नाई."

"अरे, ऐक ना माझं."

"माझ्यासाठी नाई घेतला मी भगत." खुशालला दम लागत होता, तो थांबून थांबून बोलत होता. "मी इतके डाव पोथीवाला होतो. मले ठाऊक हाय त्याचं कसं राहते. सगळं येते त्याले, पन स्वताले बरं करता येत नाई. तुमाले किती वर्षं झाले लागून, तुमी कोनाले दाखवतच नाई. नांदेडहून आलो त्या दिवसापासून तुमी माझ्याकडं पाह्यलं नाई, बाबा."

भिवाजीनं मान खाली घातली. खुशालनं गोधडीतून हात काढला. हाताला वजन नव्हतं. तो हात त्यानं बापाच्या डोक्यावर ठेवला आणि तिथंच ठेवून दिला.

"ते तुमी नाई केलं," तो म्हणाला. "तुमी अन मायनं जे दिलं त्यातलं चांगलं बी माझ्याजवळच हाय. बरे व्हा आता."

भिवाजीनं वर बघितलं. त्यानं पोराचे डोळे पाहिले, पिवळे, खोल गेलेले, आणि त्यांत भीती अजिबात नव्हती. हात टेकलेल्या माणसाचे ते डोळे नव्हतेच. आपण पोराला किती चुकीचं समजलो, हे त्याला त्या क्षणी कळलं. मरायला निघालेल्या पोरानं, देव नाही हे पुरतं माहीत असताना, बापासाठी एक देव मागून घेतला होता.

"पोथीवाला बरा झाला," विशाखा कशीबशी म्हणाली. "भगत..." पुढं तिला म्हणवलं नाही. यशवंत उठून बाहेर गेला.

होळीच्या आधी खुशाल गेला. छातीतच गेलं. भल्या सकाळी गाडी करून नांदेडला नेलं, दुपारी आणलं. शेवटपर्यंत भिवाजी त्याच्याकडं बघत होता. त्यानं एवढं मात्र केलं, नजर हलवली नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक आले, गेले. भिवाजी कचेरीत जाईनासा झाला. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. ओसरीतली रिकामी खाट कुणी हलवली तर अंगावर यायचा. यशवंत परीक्षा सोडून पुन्हा भेटायला आला होता. तो यायच्या आधीच्या रात्रीपासून भिवाजीनं पाणीही घेतलेलं नव्हतं. बयनाबाई विशाखाला म्हणाली, "एक गेला. हे बी जातेत काय वं आता?"

यशवंतला बघून भिवाजी उठून बसला. "विशाखा," तो म्हणाला, "डाव मांड."

तिला वाटलं, बरं झालं, काहीतरी मागितलं. तिनं गठ्ठा काढला, तांब्या काढला. "कुठं होतो आपन?"

"गुहेत. माझा पोथीवाला आत जाते. एकटाच. उजेड न घेता."

विशाखानं बापाकडं बघितलं. "आत शिपाई हायत, बाबा."

"असू दे."

"चिंचोका काढा."

"नाई काढत. काढायचाच नाई मले. लागू दे भाले. मार त्याले."

"असं कसं मारू?"

"काऊन? डाव तू चालवते ना? तुझ्या हातात हाय सगळं. मार म्हनतो ना!" तो ओरडला, आणि मग त्याचा आवाज एकदम फुटला. "तो काऊन जिवंत राह्यला, विशाखा? पोरगं गेलं अन म्हातारा काऊन राह्यला? मार त्याले. मले वापस करू दे."

बयनाबाई आतून धावत आली आणि दारातच थांबली. विशाखा रडत होती, पण शाळेत पोरांशी बोलते तशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"नाई येत वापस करता. ते जीव तुमचे नाईत, बाबा. खुशालनं देल्लेले हायत. त्याच्याजवळ तेवढेच होते अन ते त्यानं तुमाले देले. ते मी कसे मारू?"

भिवाजी तिच्याकडं बघत राहिला. मग तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. खुशाल गेल्यापासून पहिल्यांदा रडला. यशवंतनं त्याला धरलं. पुष्कळ वेळानं तो शांत झाला, धोतराच्या सोग्यानं त्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "मंग आता काय करू मी?"

"गुहेतून बाहेर या," विशाखा म्हणाली.

"अंधार हाय."

"हळू हळू या. मी सांगते वाट."

बयनाबाईनं पाण्याचा पेला आणून त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला, घोट घोट करून सगळा संपवला, आणि म्हणाला, "सांग."